पत्त्याखालची ओळ

अलेप्पो, २ नोव्हेंबर १९३८

प्रिय अफीफाताई,

तुझ्या हातांचं आणि आईच्या डोळ्यांचं चुंबन. मी पोचलो, जिवंत आहे. ओठाचे टाके परवा काढले. आता बोलता येतं, आणि मी बोलायला लागलो की काय होतं ते तुला माहीतच आहे. आईला अजूनही 'जिन्यावरून पडला' असंच सांगत राहा. तुम्ही कोण, अरब की तुर्क, या नोंदणीच्या टेबलापुढे उभं राहून तिच्या मुलानं 'अरब' हा शब्द गरजेपेक्षा मोठ्यानं उच्चारला आणि मागच्या रांगेतल्या चौघा तुर्की हॅटवाल्यांनी त्याला बाहेर गाठलं, हे तिला कळून तिच्या मोतीबिंदूत काही फरक पडणार नाही.

इथे आपल्या ऑर्थोडॉक्स मंडळींच्या शाळेत भूगोल शिकवायचं काम मिळालं आहे. पहिल्याच तासाला एका पोरानं विचारलं, "उस्ताद, तुम्ही कुठले?" मी म्हटलं, इस्कंदरून लिवाचा. तर म्हणतो, "ते आता हताय झालं ना?" ताई, तो अख्खा तास मी त्याच्यावर घालवला. फळ्यावर सगळं मांडलं. आजोबांच्या वेळी आपण सुलतानाच्या अलेप्पो प्रांताचा एक जिल्हा होतो. फ्रेंच आले, त्यांनी जिल्हा कापून बाजूला ठेवला आणि त्याला इस्कंदरूनचा संजक म्हणाले. आपण लिवा म्हणत राहिलो. संजक काय, लिवा काय, जिल्हाच तो. गेल्या साली जिनिव्हाच्या राष्ट्रसंघातल्या साहेबांनी 'वेगळा घटक' असं नाव दिलं, जसा काही आपण बाटलीतला क्षार आहोत. आणि या सप्टेंबरात एका सकाळी आपण 'हताय राष्ट्र' म्हणून उठलो. आपल्या बाजारात, हमामात, देवळात हे नाव कधी कुणाच्या तोंडी ऐकलं होतंस? चार हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी लोकांचं नाव तुर्कांनी अंकाऱ्यात झटकून पुसून आपल्या अंगावर घातलं.

पाकिटावर मी ते लिहिणार नाही. मेलो तरी लिहिणार नाही. म्हणून बघ, मोठ्या अक्षरांत 'इस्कंदरून लिवा, सीरिया' लिहिलं आहे.

आईचं कसं आहे? तिला गुडघ्याला लॉरेलचं तेल चोळतेस ना?

तुझा शुक्री


अंताकिया, २० नोव्हेंबर १९३८

शुक्री,

तुझं पत्र मिळालं. टपालानं नाही, पोस्टमन जमीलच्या मेहेरबानीनं. पाकिटावरच्या तुझ्या त्या मोठ्या अक्षरांवर लाल शाईची रेघ मारली होती. जमील म्हणाला, "आपा, तुमच्या भावाचं अक्षर ओळखलं म्हणून खिशात घालून आणलं. पुढच्या वेळी साहेबाच्या हातात पडलं तर मी काय करू? मला चार पोरं आहेत." जमीलनं फेज टोपीवरच तुर्कांची नवी हॅट चढवली आहे. विचारलं तर म्हणतो, "कुठलं वारं कुठून येईल सांगता येत नाही, दोन्ही असलेल्या बऱ्या." त्याला हसावं की त्याच्यासाठी रडावं हे मला कळेना.

तू फळ्यावर मांडलेला इतिहास मला पाठ आहे. जेवताना दर रविवारी ऐकलेला आहे. आता माझा ऐक. फेब्रुवारीत उकळलेला साबण वाळून तयार झाला. चार हजार वड्या. तुला माहीत आहे, साबण ओला असतानाच ठसा मारावा लागतो आणि नऊ महिने मनोऱ्यात रचून वाळवावा लागतो. सलीमच्या माघारीही मी नवऱ्याच्याच नावाचा ठसा मारते; मारला तेव्हा आपण लिवात होतो. वाळेपर्यंत राष्ट्र झालो. काल नगरपालिकेचा माणूस आला, एक वडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "हे काय? 'सलीम सब्बूनी, अंताकिया, इस्कंदरून लिवा'? बाई, असलं ठिकाण नाही. हा माल बाजारात दिसता कामा नये." मी म्हटलं, भाऊ, साबणाला काय ठाऊक वर कोण बसलंय ते. तो म्हणाला, ठाऊक करून द्या.

आई बरी आहे. तुझं पत्र वाचून दाखवायला बसले की आधी पाकीट वाचायला लावते. "कुणाला लिहिलंय? कुठे लिहिलंय? सगळं वाच." तू 'उम्म शुक्री यांस', शुक्रीच्या आईस, असं लिहितोस ते तिला दोनदा ऐकायचं असतं. ओठाचं तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणाली, जिना त्याला एवढा कधी लागला नव्हता.

पुढचं पाकीट सरळ लिही. सुंभ जळला तरी पीळ जाऊ नये, हे सुंभाला शोभतं, भूगोलाच्या मास्तराला नाही.

तुझी अफीफा


अलेप्पो, १४ जानेवारी १९३९

प्रिय ताई,

डिसेंबरात पाठवलेलं माझं पत्र परत आलं. त्यावर शिक्का आहे: 'असे ठिकाण नाही.' मी तो शिक्का मुलांना दाखवला. म्हटलं, बघा, ज्या गावात मी जन्मलो, ज्या नदीत पोहायला शिकलो, ती नदी उलटी वाहते म्हणून सगळं जग तिला बंडखोर म्हणतं, ते गाव कागदावर नाही. एका मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

म्हणून हे पत्र अबू एलियासच्या बसमधून पाठवतो आहे. त्याला पत्ता लागत नाही, त्याला तुझं दार माहीत आहे. आपलं टपाल आता हेच.

एक मागणं आहे. त्या साबणातली एक वडी मला पाठव. ठसा असलेली. इथे शाळेच्या कपाटात नकाशाशेजारी ठेवीन.

शुक्री


अंताकिया, ९ मार्च १९३९

शुक्री,

वडी पाठवते आहे. चार हजारांतल्या दोनच उरल्या आहेत, ही एक आणि आईनं उशीखाली ठेवलेली एक. बाकीच्यांवरचं नाव आम्ही खरवडून काढलं.

दोन महिने लागले. मी, ठसे मारणारा हबीब आणि आई. मी आईला नको म्हणत होते, पण ती म्हणाली, "डोळ्यांचं कामच काय त्यात? बोटाला अक्षर लागतंय तोवर खरवडायचं, लागेनासं झालं की पुढची वडी." आणि खरंच, आमच्या दोघांपेक्षा तिच्या वड्या साफ निघाल्या. एक दिवस बघते तर एका वडीवर अंगठा फिरवत बसून राहिली आहे. विचारलं, काय झालं? म्हणाली, "हे सलीमचं स कापायला जिवावर येतंय. लिवा गेलं ते जाऊ दे." सलीमचं नाव ठेवायला हरकत नव्हती, पण ठसा एकच, अर्धा कसा काढणार? सगळंच गेलं. मी आत जाऊन कढईपाशी थोडी रडले आणि बाहेर आले.

सलीम म्हणायचा, साबणावरचं नाव पहिल्या अंघोळीत जातं, साबण उरतो. तेव्हा मला तो विनोद वाटायचा.

तू वडी कपाटात ठेवणार आहेस. ठेवू नको. न वापरलेला साबण तडकतो. हात धू त्यानं.

मुसा डोंगरावरचे आर्मेनियन जायच्या गोष्टी बोलू लागले आहेत. आपल्या गल्लीत तीन घरांना कुलूप लागलं. देवळात गायला आता सात बायका, गेल्या ईस्टरला तीस होत्या.

अफीफा


अलेप्पो, १० जुलै १९३९

प्रिय ताई,

बातमी तुलाही कळलीच असेल. फ्रेंचांनी सही केली. राष्ट्र दहा महिने टिकलं, पुरतं एक वर्षही नाही, आणि आता तुम्ही तुर्कस्तानातला एक प्रांत. ज्याला सीरियाचं व्हायचं असेल त्यानं सहा महिन्यांत अर्ज करायचा आणि निघायचं, असं इथल्या वर्तमानपत्रात आहे.

या, ताई. मी एवढंच सांगतो. आईला घे आणि ये. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. मागच्या अंगणात डाळिंबाचं झाड आहे, आई त्याच्याखाली बसेल. इथे लॉरेलचा साबण करणारे सातशे वर्षांपासून आहेत, त्यांना तुझ्यासारखा हात मिळायचा नाही. तुझ्या कढया तिथे राहिल्या तर राहू दे. सलीमची कबर राहील, हे मला समजतं. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

आईला विचार. 'शुक्री बोलावतोय' असं सांग.

शुक्री


अंताकिया, २१ ऑगस्ट १९३९

शुक्री,

तुझं पत्र अबू एलियासनं दिलं आणि म्हणाला, हे शेवटचं. नव्या नाक्यावर ड्रायव्हरांच्या खिशातून पत्रं काढून घेतात, एकाला दोन दिवस कोंडून ठेवलं. आता जे काही आहे ते टपालानं.

मी आईला विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल. पंचाहत्तर वर्षांत ती हार्बियेच्या धबधब्यापलीकडे गेलेली नाही. ती म्हणाली, "दफनाचं कापड पेटीत वरच ठेव, खाली ठेवलंस तर सापडायचं नाही." म्हणजे येतेय. तेव्हापासून तिनं रोज काहीतरी गाठोड्यात बांधलं आणि सोडलं आहे. सुके अंजीर, सुर्क पनीर, तुझ्या बाप्तिस्म्याची टोपी. उशीखालची ती वडी रोज बांधते आणि रात्री परत काढून उशीखाली ठेवते.

काल अर्जाच्या कचेरीत गेले. टेबलावरचा कारकून वाईट माणूस नाही. पण तो म्हणाला, दोन बायका, बरोबर पुरुष नाही, एक आंधळी. पलीकडचा कुणी तुम्हाला घेतो असं लिहून द्यायला हवं, त्याच्या मोहल्ल्याच्या मुख्तारचा शिक्का हवा, आणि ते जानेवारी संपायच्या आत माझ्या टेबलावर हवं. नंतर मी काही करू शकत नाही. मी विचारलं, भावाचं चालेल? म्हणाला, भावाचंच चालेल.

म्हणजे आता सगळं तुझ्या एका कागदावर आहे, शुक्री. मुख्तारकडे जा, कागद कर, टपालात टाक. आणि पाकीट मी लिहिते तसं लिही. फिरंगी अक्षरांत लिही, इथे आता आपली अक्षरं वाचत नाहीत, वाचता आली तरी वाचत नाहीत. अंताकिया, हताय, तुर्कस्तान. एवढंच. इतिहास पाकिटाच्या आत लिही, हवी तेवढी पानं. बाहेर नको. मी तुझ्यापुढे पदर पसरते, बाहेर नको.

अफीफा


अलेप्पो, १८ सप्टेंबर १९३९

प्रिय ताई,

सोबत कागद जोडला आहे. मुख्तारनं एकदा नाही, दोनदा शिक्का मारला, मी सांगितलं म्हणून. युरोपात लढाई पेटली आहे, टपाल उशिरा जाईल म्हणतात, पण तुमच्याकडे वेळ भरपूर आहे.

पाकीट तू सांगितलंस तसं लिहिलं आहे. फिरंगी अक्षरांत. जड गेलं, पण लिहिलं.

आईला सांग, डाळिंबं पिकायला लागली आहेत.

शुक्री


अंताकिया, २६ नोव्हेंबर १९३९

शुक्री,

तुझं काहीही आलेलं नाही. ऑगस्टनंतर एक ओळ नाही. तू आजारी आहेस का? मुख्तार नाही म्हणाला का? नाही म्हणाला असेल तर तसं लिही, मी दुसरी काही वाट शोधते. पण काहीतरी लिही.

आई सकाळी दाराशी खुर्ची टाकून बसते. जमीलच्या पावलांचा आवाज तिला गल्लीच्या तोंडापासून ओळखू येतो. तो यायच्या आधीच म्हणते, "आज हलका चालतोय, आज काही नाही." गुडघे सुजले आहेत. खोकला आहे. मी आत चल म्हटलं की म्हणते, पोरगा पाकीट लिहीत असेल, त्याला ते एक अवघड जातं.

मी रविवारी सलीमच्या कबरीवर जाऊन निरोप घेऊन आले. आता त्याच्यापुढे परत कुठल्या तोंडानं जाऊ?

मी शेजाऱ्यांना घर विकायचं बोलले आहे. हबीबला कढया दिल्या. यंदा मी लॉरेलची फळं घेतली नाहीत, कशाला घ्यायची, म्हणून. शुक्री, मी मागचे दोर कापले आहेत. तू पुढचा दोर टाक.

अफीफा


अंताकिया, १ फेब्रुवारी १९४०

शुक्री,

काल तारीख संपली. मी सकाळपासून कचेरीच्या पायरीवर बसले होते. संध्याकाळी कारकून कुलूप लावायला आला. म्हणाला, "आपा, मी दोन तास जास्त थांबलो." खरंच थांबला होता.

आता आम्ही इथल्या झालो. त्यानं आमची नावं नव्या वहीत घातली. आडनाव हवं म्हणाला, सब्बूनी चालणार नाही, तुर्की हवं. मी म्हटलं, साबणवाल्याला तुम्ही काय म्हणता? साबुनजू, म्हणाला. मग तेच लिही म्हटलं.

घरी आले तेव्हा आईनं विचारलं, मिळाला का कागद? मी नाही म्हटलं. तिनं गाठोडं सोडलं आणि अंजीर शेजारच्या पोरींना वाटून टाकले.

अफीफा


अलेप्पो, १६ फेब्रुवारी १९४०

ताई,

तुझं पत्र आज मिळालं. खुलासा करतो. यातलं काहीही टपालावर ढकलणार नाही.

सप्टेंबरात मी पाकीट तू सांगितलंस तसं लिहिलं होतं, अक्षर न अक्षर. मग टेबलावर ठेवून बघत बसलो. आणि त्याच्याखाली, अगदी बारीक, आपल्या अक्षरांत, एक ओळ लिहिली: 'अर्थात इस्कंदरून लिवा, सीरिया.' मला वाटलं, कोण बघतंय. मला वाटलं, वरचा पत्ता त्यांच्यासाठी, खालचा माझ्यासाठी. आईसाठी. ती पाकीट वाचायला लावते ना.

नोव्हेंबरात ते परत आलं. वरच्या पत्त्याला हात लावला नव्हता. खालच्या ओळीवर लाल रेघ होती, आणि तोच शिक्का.

मी त्याच दिवशी नवं पाकीट लिहिलं, खाली काही न लिहिता. मोठ्या पोस्टात गेलो. रांगेत आपली माणसं होती, आपल्यासारखीच तिकडून आलेली, आणि माझे दोन विद्यार्थी. खिडकीवरच्या माणसानं पाकीट घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "हताय? तुर्कस्तान?" मग वर बघितलं. "उस्ताद शुक्री, तुम्ही? तुम्हीसुद्धा?" सगळी रांग वळली. त्या मुलांनी माझ्याकडे बघितलं, ताई. तासाभराचं व्याख्यान ऐकलेली मुलं. मी हात पुढे केला, पाकीट परत घेतलं आणि म्हटलं, "चुकून लिहिलं गेलं." सगळ्यांदेखत म्हटलं.

ते पाकीट मग माझ्या कोटाच्या आतल्या खिशात राहिलं. तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं तेव्हाही ते तिथेच होतं. मी ते पत्र वाचलं आणि कोट अंगात होता. रोज पोस्टावरून जायचो, खिडकीवर तो माणूस दिसला की पुढे जायचो. वाटायचं, उद्या. डिसेंबर गेला. जानेवारीच्या चोवीस तारखेला पाऊस होता, रांग नव्हती, खिडकीवर दुसरा कुणी होता, तेव्हा मी ते टाकलं. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. आता कधीतरी पोचेलही.

आणि खोल्या दोन नाहीत. एकच आहे, तीही घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर. तुम्ही आलात तर मी शाळेच्या ओसरीवर झोपणार होतो, हे खरं आहे. डाळिंबाचं झाडही खरं आहे.

एका नावापायी मी तुम्हाला तिकडे ठेवलं. मी मलाच सांगत होतो की मी नाव जपतोय. मी माझी शाळेतली पत जपत होतो. आईला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मला शिव्या घाल. पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

साबणाची वडी अजून कपाटात आहे. तू म्हणालीस तशी मधोमध तडकली आहे.

शुक्री


अंताकिया, २० मार्च १९४०

शुक्री,

तुझं पाकीट फेब्रुवारीच्या पाच तारखेला पोचलं. मुदत संपून पाच दिवस झाले होते. जमील धावत आला. आईनं आवाज ओळखला आणि म्हणाली, "आज जड चालतोय."

तिनं पाकीट हातात घेतलं, नेहमीसारखं. वाच म्हणाली. मी वाचलं: उम्म शुक्री यांस, अंताकिया, हताय, तुर्कस्तान. "पुढे?" म्हणाली. मी म्हटलं, पुढे काही नाही, एवढंच आहे. तिनं परत वाचायला लावलं. मग पाकिटावर अंगठा फिरवत म्हणाली, "लिहिलं शेवटी पोरानं. त्याला फार जड गेलं असेल." तुझा कागद तिनं उघडूसुद्धा दिला नाही. म्हणाली, राहू दे, तो आता कशाला.

तेव्हा मला तुझ्या खिशाची गोष्ट माहीत नव्हती. तुझं दुसरं पत्र आलं ते मी तिला वाचून दाखवलं नाही. तिनं आग्रह धरला, तेव्हा खोटं खोटं वाचलं. शाळेत मुलं चांगली आहेत, डाळिंबाला पालवी फुटली आहे, असं. तिनं मध्येच थांबवलं. "एवढं बारीक अक्षर आहे का त्याचं? तू फार हळू वाचतेयस." मी पत्राची घडी घातली.

ती तीन मार्चला गेली. सकाळी, खुर्चीत, दाराशी. तुला तार करायला गेले तर म्हणाले, सीमेपलीकडे तारा बंद आहेत. म्हणून हे पत्र, सतरा दिवसांनी.

गल्लीत अंघोळ घालायला बाई उरली नाही, म्हणून मीच घातली. साबण शोधायला लागले तर घरात एक वडी नाही. कढया हबीबला दिलेल्या, माल नाही. मग उशी उचलली. ती वडी होती, अख्खी, सलीमच्या नावासकट, लिवासकट. तिनं ती कशासाठी ठेवली होती ते तेव्हा कळलं. मी ठसा वर धरूनच सुरुवात केली. खांदे धुवेपर्यंत लिवा दिसत होतं. हात धुवून झाले तेव्हा नुसतं अंताकिया उरलं. पाय धुतले तेव्हा वडी गुळगुळीत होती.

तिला सलीमच्या शेजारी पुरलं. दगडावर नाव कोरणारा विचारत होता, कुठलं ठिकाण लिहू? मी म्हटलं, नुसतं नाव लिही, ती कुठे जात नाहीये.

आता तुझ्याबद्दल. मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. रात्री जेवायला बसते तेव्हा समोर तुझी ती रांग दिसते, तू हात पुढे करून पाकीट परत घेताना दिसतोस, आणि मी ताट बाजूला सारते. तू चार माणसांपुढे लाजलास, आणि इथे ती दाराशी बसून होती. हे मला विसरायला किती दिवस लागतील, सांगता येत नाही. कदाचित नाहीच जमायचं. तरी तू माझा भाऊ आहेस, आणि आता माझं दुसरं कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

इकडे येऊ नकोस. नोंदवहीत तुझं नाव लाल शाईनं आहे, कारकुनानं मला दाखवलं. मी तिकडे येऊ शकत नाही. तेव्हा जे काही आहे ते या कागदांवरच आहे, जमील आहे तोवर. त्याच्यानंतर कोण येईल, तुझं अक्षर कोण ओळखेल, मला माहीत नाही. त्यानं परवा फेज टोपी चुलीत घातली.

पत्ता खाली लिहून देते. तसाच उतरवून काढ. त्याच्याखाली एकही ओळ लिहू नकोस. आता पाकीट वाचून घेणारं इथे कुणी नाही.

अफीफा साबुनजू
अंताकिया
हताय
तुर्कस्तान